ब्युरेट, बुडबुडे आणि माटुंग्याचा एक विभाग

माटुंग्याच्या यूडीसीटीबद्दल कुणालाही विचारा, उत्तरात आधी नावं येतात. मुकेश अंबानी तिथले. डॉ. रेड्डीज काढणारे अंजी रेड्डी तिथले. केकी घरडा तिथले. मग कोट्यवधींचे आकडे येतात आणि शेवटी ‘एवढे उद्योजक दुसऱ्या कुठल्या कॉलेजने दिले?’ हा प्रश्न येतो. प्रश्न चुकीचा नाही. पण मला या विभागाचा इतिहास वाचताना वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटत आली आहे, आणि ती कुठल्याच यादीत नसते. ती बुडबुड्यांची गोष्ट आहे. साबणाच्या पाण्यात येतात तसे, सोड्याच्या बाटलीत येतात तसे साधे बुडबुडे. पैसे नसलेल्या एका भारतीय विद्यापीठातल्या माणसांनी ते मोजायच्या पद्धती घडवल्या आणि जगभरच्या केमिकल इंजिनीअरांनी त्या वापरल्या.

नाव आधी सोडवून घेऊ. यूडीसीटी म्हणजे युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. नावातच ‘डिपार्टमेंट’ आहे. हे स्वतंत्र कॉलेज नव्हतं, आयआयटी तर नव्हतंच. मुंबई विद्यापीठाचा एक विभाग, जसा मराठी विभाग असतो किंवा अर्थशास्त्राचा असतो. विद्यापीठाच्या परीक्षा, विद्यापीठाच्या फायली, विद्यापीठाचं अनुदान.

१ ऑक्टोबर १९३३ला हा विभाग सुरू झाला तो कापडासाठी. मुंबईत गिरण्या होत्या, कापूस होता, कामगार होते. रंग मात्र बाहेरून यायचा. पहिल्या महायुद्धात जर्मनीची जहाजं थांबली तशी रंगांची आवक थांबली आणि आपलं सगळं कापड परक्या रसायनावर उभं आहे हे गिरणीवाल्यांना कळून चुकलं. १९३३मध्ये विद्यापीठाचे कुलगुरू होते विठ्ठल चंदावरकर, आणि त्यांचा स्वतःचा संबंध कापड धंद्याशी होता. त्यामुळे पहिल्या दोन शाखा कुठल्या, तर टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनीअरिंग. पहिली दहा वर्षं विभागाला स्वतःची जागा नव्हती. १९४३मध्ये, ऐन दुसऱ्या महायुद्धात, तो माटुंग्याला आला.

पहिले प्रमुख इंग्रज होते, आर. बी. फॉर्स्टर. १९३८मध्ये कृष्णस्वामी वेंकटरामन पहिले भारतीय प्रमुख झाले. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ. बीएस्सीला सेंद्रिय रसायन घेतलेल्यांनी ‘बेकर-वेंकटरामन रिअ‍ॅरेंजमेंट’ पाठ केली असेल. त्यातले वेंकटरामन हेच. १९५२ साली त्यांच्या कृत्रिम रंगांवरच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड आले आणि तो त्या विषयाचा जागतिक संदर्भग्रंथ होऊन बसला. जो देश रंगासाठी जर्मनीकडे तोंड करून उभा होता, त्या देशातल्या विद्यापीठाच्या एका विभागात बसून कुणीतरी रंगांची अख्खी विद्या लिहून काढत होतं. १९५७मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर बसले बा. द. टिळक, तेही माटुंग्याचेच. पुढे तिसरा माणूसही इथूनच गेला. त्याच्याकडे येऊच.

आता बुडबुडे.

मनमोहन शर्मा, जन्म १९३७, जोधपूर. यूडीसीटीतून केमिकल इंजिनीअर झाले आणि पीएचडीसाठी केंब्रिजला गेले. तिथले त्यांचे मार्गदर्शक पीटर डँकवर्ट्स हे एक अजब गृहस्थ होते. १९४० साली लंडनवर जर्मन विमानं रोज बाँब टाकत असताना, पॅराशूटने टाकलेले सुरुंग जवळ जाऊन निकामी करायचं काम त्यांनी केलं होतं आणि त्यासाठी त्यांना जॉर्ज क्रॉस मिळाला होता. युद्धानंतर ते शांतपणे बसून वायू द्रवात विरघळतो कसा याचा अभ्यास करू लागले. हातात फुटू शकणाऱ्या वस्तू हाताळलेल्या माणसाला हा विषय आरामाचा वाटला असावा.

१९६४मध्ये शर्मा परत आले आणि सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्याला प्राध्यापक झाले. त्या वयात आजही आपल्याकडे पीएचडीचा गाईड मिळण्याची वाट बघत असतात. केंब्रिजचा शिक्का घेऊन ते अमेरिकेत जाऊ शकले असते. शहरातच दुसरा पर्यायही होता. १९५८ साली आयआयटी सुरू झाली होती, तिला सोव्हिएत रशियाची मदत होती, यंत्रं येत होती. माटुंग्याच्या विभागामागे असा कुठलाही देश उभा नव्हता. पण इथे काचेचं सामान होतं, कॉस्टिक सोडा होता आणि मुलं होती.

प्रश्न काय होता तो नीट सांगतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

खताचा कारखाना घ्या. अमोनिया बनवायला हायड्रोजन लागतो, आणि तो बनवताना सोबत कार्बन डायऑक्साइड येतो. तो काढून टाकायचा असतो. त्यासाठी एका उंच टॉवरमध्ये वरून पोटॅशियम कार्बोनेटसारखं द्रावण सोडतात, खालून वायू सोडतात. कार्बन डायऑक्साइड द्रावणात शिरतो, बाकीचा वायू पुढे जातो. टॉवर किती उंच बांधायचा? फार उंच बांधला तर पैसा पाण्यात. ठेंगणा बांधला तर वायू स्वच्छ होणार नाही आणि पुढचं सगळं बिघडेल. याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: टॉवरच्या आत वायू आणि द्रव एकमेकांना किती क्षेत्रफळावर भेटतात. भेट जेवढी मोठी, तेवढा टॉवर लहान.

पण हे क्षेत्रफळ मोजायचं कसं? आत लाखो बुडबुडे आहेत. काही मोहरीएवढे, काही आवळ्याएवढे. एकमेकांत मिसळतात, फुटतात, गिरक्या घेतात. टेप लावता येत नाही. फोटो काढले तर कडेचे दिसतात, आतले नाहीत. आणि कारखान्यातला टॉवर लोखंडी असतो, त्यातून काहीच दिसत नाही.

डँकवर्ट्स, शर्मा आणि त्यांच्यासारख्या आणखी काहींनी धरलेली वाट मला भिंत रंगवणाऱ्यासारखी वाटते. एका चौरस फुटाला किती रंग लागतो हे पेंटरला ठाऊक असतं. मग वाकडीतिकडी, कोनाडे असलेली, खिडक्या-झरोक्यांची भिंत असली, तरी ती किती आहे हे मोजायची गरज नाही. शेवटी किती डबे लागले ते बघा. डब्यांवरून भिंत कळते.

इथे ‘रंग’ म्हणजे रासायनिक क्रिया. कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात शिरला की लगेच खलास होतो, आत खोलवर पोचतच नाही. सगळा खेळ पृष्ठभागाखालच्या अत्यंत पातळ थरात संपतो. क्रिया पुरेशी वेगवान निवडली तर एक फार सोयीची गोष्ट घडते: दर चौरस सेंटिमीटरमधून दर सेकंदाला किती वायू आत जाईल हे त्या क्रियेच्या वेगावर आणि विद्राव्यतेवर ठरतं, द्रव किती घुसळला जातोय यावर नाही. म्हणजे बुडबुडा नाचत असो की स्थिर असो, चौरस सेंटिमीटरचा दर तोच. हा दर एका साध्या भांड्यात काढता येतो, जिथे द्रवाचा पृष्ठभाग सपाट आहे आणि पट्टीने मोजता येतो. मग तेच द्रावण बुडबुड्यांच्या टॉवरमध्ये घालायचं, एकूण किती वायू शोषला गेला ते मोजायचं, आणि भागाकार करायचा. उत्तर येतं ते क्षेत्रफळ, सगळ्या बुडबुड्यांचं, न दिसणाऱ्यांसकट.

आणि किती वायू शोषला गेला हे कशाने कळणार? नमुना काढायचा आणि टायट्रेशन करायचं. तुम्ही बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्या ब्युरेटपुढे एक डोळा मिटून बसला होता, फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग उडतोय की नाही बघत, तीच ब्युरेट.

अशा पद्धतींचा शर्मा आणि डँकवर्ट्स यांनी मिळून लिहिलेला आढावा १९७० साली छापून आला. कुठली क्रिया कुठल्या परिस्थितीत वापरावी, कुठे ती फसेल, वायू-द्रव असेल तर काय, तेल आणि पाण्यासारखे दोन न मिसळणारे द्रव असतील तर काय. ती स्वयंपाकाच्या पुस्तकासारखी गोष्ट आहे. वाचून कुणीही, कुठल्याही देशात, आपल्या टॉवरचं क्षेत्रफळ काढू शकतो. माटुंग्यात मग विद्यार्थ्यांनी एकामागून एक उपकरणं घेतली. बुडबुड्यांचे स्तंभ, गोट्या आणि कडी भरलेले टॉवर, पंख्याने ढवळायच्या टाक्या. प्रत्येक विद्यार्थी एक उपकरण, एक प्रबंध. शर्मांच्या हाताखाली सत्तरच्या आसपास विद्यार्थ्यांनी पीएचडी केली.

लोक अशा गोष्टी सांगताना ‘साधनं नसतानाही त्यांनी करून दाखवलं’ असं म्हणतात. मला तो सूर पटत नाही. त्यात गरिबीचं कौतुक आहे, आणि घडलेली गोष्ट तशी नाहीच. माटुंग्याने ज्यांना महाग यंत्र लागतं असे प्रश्न स्वस्तात सोडवायचा आटापिटा केला नाही. जगातले कुठले मोठे प्रश्न काच, सोडा आणि डोकं एवढ्यावर सुटू शकतात, हे आधी शोधलं. ही निवड होती, आणि तिला फार चांगली समज लागते. या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. एखाद्या रेणूची रचना शोधायची असेल तर ब्युरेट कामाची नाही, तिथे यंत्रच लागतं आणि यंत्राला पैसाच लागतो. पुढे हे विभागालाही चुकलं नाही.

या साखळीतला सर्वांत प्रसिद्ध दुवा म्हणजे रघुनाथ माशेलकर. त्यांच्या लहानपणाची गोष्ट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली असणारच: गोव्यातलं माशेल, लहानपणी गेलेले वडील, मुंबईत पडेल ते काम करणारी आई, बाराव्या वर्षापर्यंत अनवाणी पाय, टाटा ट्रस्टची महिना साठ रुपयांची शिष्यवृत्ती, आणि उन्हात भिंग धरून कागद जाळून दाखवणारे भावे सर. गोष्ट खरी आहे आणि चांगली आहे. पण ती नेहमी भिंगापाशी थांबते आणि तिथून थेट पद्म पुरस्कारांवर उडी मारते. मधला माणूस काय करत होता हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

मधला माणूस माटुंग्यात बुडबुडे मोजत होता. १९६६ला पदवी, १९६९ला शर्मांकडे पीएचडी. माशेलकर आणि शर्मा यांच्या नावावर १९७०चा एक शोधनिबंध आहे, नुसत्या बुडबुड्यांच्या आणि आत कडी भरलेल्या स्तंभांवर. म्हणजे पायात चपला नसलेल्या मुलापासून सीएसआयआरच्या महासंचालकापर्यंतचा रस्ता एका काचेच्या उभ्या नळीतून गेला. एनसीएलचे मघाशी म्हटलेले तिसरे संचालक तेच, १९८९पासून. आणि जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठातल्या दोघांच्या संशोधनाला दिलं तेव्हा ते रद्द करवून घेणारी सीएसआयआर १९९७मध्ये त्यांच्याच हाताखाली होती. आपल्या आजीच्या डब्यातली हळद नवी नाही, हे सिद्ध करायला तिथे छापील पुरावे द्यावे लागले.

पुढचा दुवा ज्येष्ठराज जोशी. माशेलकरांनी स्तंभ मोजले, जोशींनी त्यांच्या आत काय चाललंय ते विचारलं. १९७९मध्ये जोशी आणि शर्मा यांनी मांडलं की उंच स्तंभात द्रव एकाच मोठ्या वर्तुळात फिरत नाही. भोवऱ्यांचे मजले रचल्यासारखे असतात, आणि एकेका मजल्याची उंची साधारण स्तंभाच्या व्यासाएवढी. चित्र डोळ्यांपुढे आणा: चाळीत खोल्यांवर खोल्या, प्रत्येक खोलीत एक भोवरा. संगणकावर प्रवाह रंगवून बघायची सोय नसतानाची ही कल्पना आहे. पुढे तेच जोशी संगणकावरच्या प्रवाहगणितात उतरले. त्यांचे विद्यार्थी अनिरुद्ध पंडित यांनी बुडबुडा फुटतो तेव्हाची ऊर्जा पकडली. पाण्यात दाब एकदम पाडला की बारीक पोकळ्या तयार होतात आणि त्या मिटताना क्षणभर प्रचंड तापमान निर्माण होतं. ते वापरून घाण पाणी साफ करता येतं का, हा त्यांचा विषय. शर्मा, जोशी, पंडित: गुरू, शिष्य, त्याचा शिष्य. तिघेही त्याच संस्थेचे प्रमुख झाले. गाण्याच्या घराण्यात अशी वंशावळ आपण सहज सांगतो. बुडबुड्यांच्या घराण्याची कुणी सांगत नाही.

१९९०मध्ये शर्मा लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले पहिले भारतीय इंजिनीअर, असं सगळीकडे छापलं जातं. इथे एक खडा टाकतो. १८४१मध्ये रॉयल सोसायटीने पहिल्यांदा ज्या भारतीयाला घेतलं ते अर्देशीर कर्सेटजी वाडिया मुंबईच्या गोदीतले, वाफेच्या इंजिनांचे तज्ज्ञ होते. त्यांना इंजिनीअर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? अर्थात दोघांमध्ये जवळजवळ दीडशे वर्षं आहेत आणि इंजिनीअरिंग कॉलेजांचा अख्खा इतिहास आहे. शर्मांचं यश त्याने लहान होत नाही. फक्त या शहरात कारखान्यातून विज्ञानाकडे जायची वाट जुनी आहे, एवढंच.

ती वाट यूडीसीटीने फार रुंद केली. इथले प्राध्यापक कारखान्यांना सल्ला द्यायचे, फी घ्यायचे, आणि कारखान्यातला अडलेला प्रश्न परत येऊन कुणाच्या तरी प्रबंधाचा विषय व्हायचा. बाकीच्या विद्यापीठात ‘खासगी काम’ म्हणजे लपवायची गोष्ट होती त्या काळात हे उघड चालायचं. आज स्टार्टअप आणि इन्क्युबेशनचे जे बोर्ड प्रत्येक कॉलेजात लागले आहेत त्यांना या गोष्टीचं नवल वाटू नये, पण १९६०-७०च्या परवाना राज्यात वाटायला हवं. १९८४मध्ये एनसीएलचे एल. के. दोराईस्वामी आणि शर्मा यांचा ‘हेटरोजीनियस रिअ‍ॅक्शन्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ आला, त्यात अशा खऱ्याखुऱ्या औद्योगिक क्रियांची इतकी उदाहरणं आहेत की ती नुसत्या वाचनालयात बसून जमा होणं शक्य नाही.

पण कारखान्याशी दोस्ती असली की कारखान्याचं सांडपाणीही आपलंच असतं. महाराष्ट्राचा रसायन पट्टा ज्या दशकांत पसरला त्याच दशकांत खाड्या आणि नद्या नासल्या. लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीच्या पाण्याबद्दल दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षांचं आहे. त्याचा दोष एका विभागाच्या माथी मारणं वेडेपणा होईल. पण या पट्ट्याची उभारणी ‘आमच्या विद्यार्थ्यांनी केली’ असं अभिमानाने सांगायचं असेल, तर हिशेबाची दुसरी बाजूही त्याच वहीत लिहावी लागते. वेंकटरामन यांच्या पिढीला रंग बनवता येणं हाच विजय होता. रंग बनवल्यावर उरलेल्या आम्लाचं काय, हा प्रश्न तेव्हा परीक्षेत नव्हता.

नंतर तो आला. शर्मांचे आणखी एक विद्यार्थी गणपती यादव, कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले. अनेक सेंद्रिय क्रियांना आम्ल लागतं, उत्प्रेरक म्हणून. सल्फ्युरिक आम्ल किंवा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घातलं की काम होतं, पण शेवटी ते निष्क्रिय करून टाकावं लागतं आणि मिठाचं, गाळाचं पाणी उरतं. तेच आम्लपण एखाद्या घन पदार्थावर बसवलं तर? पदार्थ गाळून काढायचा, पुन्हा वापरायचा, नदीत काही सोडायचं नाही. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झिर्कोनियाच्या आधाराने असे घन उत्प्रेरक बनवले. त्यांना नावं द्यायची होती, तर त्यांनी दिली यूडीकॅट-१, यूडीकॅट-२ अशी. ‘यूडीसी’ विभागाच्या नावातलं, ‘कॅट’ कॅटलिस्टमधलं.

दरम्यान विभागाचं नाव बदलत गेलं. आधी ती विद्यापीठाची संस्था झाली, मग २००८मध्ये विद्यापीठातूनच बाहेर पडून स्वतः अभिमत विद्यापीठ झाली. आज पाटीवर इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी आहे आणि यादव तिचे पहिले कुलगुरू होते. जालन्याला आणि भुवनेश्वरला तिच्या शाखा आहेत. फायलींसाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. जुने विद्यार्थी मात्र अजून यूडीसीटीच म्हणतात.

आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करण्यासाठी वीजकेंद्रांच्या धुरातून तो धुऊन काढायचे प्रकल्प आता जगभर चालू आहेत. बहुतेक ठिकाणी पद्धत तीच आहे: उंच टॉवर, वरून अमाइनचं द्रावण, खालून धूर. अमाइनशी कार्बन डायऑक्साइडची क्रिया किती वेगाने होते यावरचे शर्मांचे निबंध १९६५-६६चे आहेत, केंब्रिजमधल्या कामातून आलेले, खतासाठी आणि नैसर्गिक वायूसाठी उपयोगी पडणारे. त्या वेळी हवामानबदल हा शब्द वर्तमानपत्रात नव्हता. टॉवर किती उंच बांधायचा, हा प्रश्न मात्र अजून तोच आहे, आणि त्या निबंधांचे संदर्भ अजून दिले जातात.